मास्कवाली कासारीण

दुसऱ्या बाईचा हात हातात घेतल्याशिवाय माझा धंदा होत नाही. कापडवाला लांबूनच पातळ उलगडून दाखवतो, किराणावाला पुडी काउंटरवरून सरकवतो. बांगड्या नुसत्या विकून भागत नाही, त्या भराव्या लागतात. समोरची बाई मांडी घालून बसते, हात पुढे करते आणि तेवढा वेळ तो हात माझा असतो. घाटंजीचा आठवडी बाजार, आजूबाजूची गावं, तांडे, लग्नघरं, असं फिरत चाळीस वर्षांत किती हात धरले ते मी मोजलेलं नाही.

बाहेरच्यांना वाटतं यात काय आहे, साबण लावला आणि ढकलली बांगडी. तसं असतं तर मशीन निघालं असतं एव्हाना. हात आधी बघायचा नसतो, दाबायचा असतो. अंगठ्याच्या मुळाशी जो मांसल उंचवटा असतो, सगळी कुस्ती त्याच्याशी. बाई ऐटीत सांगते, "मले दोन-सहा लागते." मी हात दाबते आणि म्हणते, "तुमाले दोन-चारच बसते." आमची मापं अशीच बोलली जातात, दोन-चार, दोन-सहा, दोन-आठ, पुढचा आकडा मोठा तशी बांगडी मोठी. सैल बांगडी कोणीही घालेल. मनगटावर नेमकी बसणारी बांगडी हातावर चढवताना एक क्षण असा येतो की बाईला दुखतं, आणि दुखलं की ती हात ताठ करते. हात ताठ झाला की काच तडकली. ती फुटली असं आम्ही म्हणत नाही, वाढली म्हणतो, पण लग्नघरी एक जरी वाढली तरी सगळ्यांची तोंडं उतरतात.

म्हणून नेमक्या त्या क्षणी बोलायचं. "तुमची धाकटी जाऊ परवा आर्णीच्या स्टँडवर दिसली बापा," एवढं म्हटलं की बाई मान वर करते, "कवा? कोनासंगं होती?" आणि तेवढ्यात हात सैल पडतो, बांगडी मनगटात. माझ्या सासूबाईंनी मला हेच शिकवलं. साबण हाताला आणि गप्पा कानाला, असं त्या सांगायच्या.

आता ज्या धंद्यात बोलण्यावर पोट आहे, त्यात तोंडावर मास्क लावून बसणाऱ्या बाईला लोक काय म्हणणार? मास्कवाली म्हणतात. "मास्कवालीच्या इथून घे, माल चांगला हाये," असंही म्हणतात आणि "त्या मास्कवालीकडे नको, ते साबनानं हात धुवाले लावते," असंही. करोना गेला असं जाहीर झालं, गावानं मास्क खुंटीवरून काढून फडक्यात टाकले, पोरांनी त्यांच्या गोफणी केल्या. माझा राहिला. बंद खोलीत बांगड्या भरायच्या तर मास्क. प्रत्येक हाताआधी माझे हात साबणानं, तिचेही साबणानं. आणि घसा खवखवला तर मी त्या दिवशी कोणाच्या घरी जात नाही, मग ते घर कोणाचंही असो.

बाजारात माझ्या शेजारी शमीमबीचं दुकान लागतं. तीसएक वर्षांची आमची भागीदारी नसलेली भागीदारी आहे. तिच्याकडे माप नसलं की गिऱ्हाईक माझ्याकडे येतं, माझ्याकडे नसलं की तिच्याकडे. पोलिसांनी दंड घेणं बंद केलं त्या दिवशी तिनं मास्क काढला तो काढला. मी बोलले की हसते. "अगे शोभा, मेरा मुंह इच मेरी दुकान है. ढांक ली तो बेचू क्या?" खरं सांगायचं तर तिचं म्हणणं अगदीच चूक नाही. ती हसली की बाई एक डझन मागायला आलेली दोन डझन घेऊन जाते. आम्ही या विषयावर भांडतो, चहा पितो आणि पुन्हा आपापल्या जागेवर बसतो. तिनं माझं ऐकलं नाही, मीही तिचं.

एका तांड्यावरच्या भुरीबाईंनी तर मला कवायतच करायला लावली. त्यांना कमी ऐकू येतं. मी मास्कच्या आतून काहीतरी बोलले, तर त्यांनी हातच काढून घेतला. "तोंड दिसल्याबिगर मले ऐकू येत नाही," म्हणाल्या. आता? मी उठले, अंगणात पाच-सहा पावलं मागे गेले, मास्क खाली केला, मोठ्यानं वाक्य बोलले, मास्क वर केला, परत येऊन बसले, बांगडी चढवली. पुन्हा उठले. तिसऱ्या फेरीला भुरीबाई आणि त्यांच्या दोन्ही सुना पोट धरून हसत होत्या. हसताना हात इतका सैल पडला की अख्खा डझन लोण्यात गेल्यासारखा गेला. तेव्हा मला कळलं की मास्क लावून धंदा होतो, फक्त त्याच्यासाठी थोडं बह्याड, म्हणजे वेडं, व्हावं लागतं.

शहाणपण मात्र मला एका झटक्यात आलेलं नाही. पहिली टाळेबंदी उठली तेव्हा मी दवाखान्यात असतात तसे रबरी हातमोजे आणले होते. आर्णीकडे एक लग्न होतं. मोजे घालून नवरीचा हात धरला आणि मला काही समजेचना. इतक्या वर्षांची तयार बोटं, पण ती आंधळी झाली. उंचवटा किती कडक, हाड कुठे, काही लागेना. अंदाजानं बांगडी दाबली आणि नवरीच्या हातावर एकापाठोपाठ तीन वाढल्या. रक्त आलं. नवरीच्या आजीनं देवासमोर दिवा लावला. ती नवरी आज दोन लेकरांची आई आहे आणि नवऱ्याला चांगलं मुठीत ठेवून आहे, तेव्हा अपशकुनाचं काही खरं नाही. पण कसबाचं खरं आहे. मोजे मी त्याच दिवशी टाकून दिले. काळजी घ्यायची म्हणजे काय सोडायचं आणि काय धरायचं हे ज्याच्या त्याच्या कामानं ठरवायचं असतं, ते मला तीन बांगड्या वाढवून कळलं.

काळजीचं दुसरं टोकही मी पाहिलं आहे. घाटंजीत एक निवृत्त शिक्षिका आहेत, एकट्या राहतात. पहिल्या लाटेत त्या बरेच दिवस दवाखान्यात होत्या, परत आल्या त्या घराबाहेर पडायच्याच बंद झाल्या. मला त्या फोन करून बोलवतात. मी ओसरीवर, त्या खिडकीच्या आत, मधे उभे गज. "शोभा, तू मास्क लाव, मीही लावते, आणि मधे खिडकी राहू दे," असा त्यांचा हुकूम. एकदा संक्रांतीला त्यांनी गजांमधून हात बाहेर काढला, मी डझनभर बांगड्या भरल्या, छान बसल्या. मग त्या हात आत घ्यायला लागल्या. हात येईना. नुसता हात गजांतून जातो, बांगड्यांसकट कसा जाईल? हे मला सुचायला हवं होतं, त्यांनाही, पण दोघींच्या डोक्यात तेव्हा रोगाशिवाय दुसरं काही नव्हतं. आत गॅसवर दूध ठेवलेलं. ते उतू जायला लागलं, बाई खिडकीला अडकलेल्या, मी बाहेरून "बाई, घाबरू नका," करत एकेक बांगडी परत काढतेय. काढणं भरण्यापेक्षा अवघड. दूध गेलं, पण एकही वाढली नाही. त्या दिवसापासून बाई दार उघडून अंगणात बसतात. बाजारात त्यांची कोणी टर उडवली तर मी ऐकून घेत नाही. ज्यानं श्वासासाठी तडफडून पाहिलं आहे, त्याची भीती बाकीच्यांनी मापू नये.

आता जे सांगायचं ते मी चार वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या लाटेचा उन्हाळा. घाटंजीपासून जवळच्याच एका गावात मंदा राहायची. तिच्या लग्नाचा चुडा मी भरलेला, तिची मुलगी प्राची झाली तेव्हा पाचवीच्या पूजेलाही मी होते. मंदाच्या नणंदेला सातवा महिना लागला होता आणि घरच्या घरी ओटी भरायची ठरली. मंदाचा फोन आला, "मावशी, गर्दी नाही करत. घरच्याच बायका हाये. हिरव्या बांगड्या घेऊन या."

त्या दिवशी सकाळी माझा घसा खवखवत होता. बांगड्यांच्या पेट्यांत पेंढा असतो, उघडल्या की बारीक धूळ उडते, त्यामुळे घसा बसणं आमच्याकडे रोजचं. माझे यजमान घरातच बसून बांगड्या मापाप्रमाणे लावायचे. त्यांना साखरेचा आजार होता, म्हणून दोन महिने ते उंबऱ्याबाहेर पडले नव्हते. त्यांनी मान वर करून विचारलं, "आवाज बसला का तुया?" मी म्हटलं, पेंढ्याचं आहे. ते म्हणाले, "आज नको जाऊ." मी म्हटलं, "सातव्या महिन्याची पोर हाये, तिचे हात मोकळे ठेवू काय?" आणि गेले.

मास्क लावून गेले, पण बसल्यावर खाली केला. बोलता येत नव्हतं ना. मंदा सगळ्यांत आधी बसली, म्हणजे बाकीच्या मोकळ्या होतील म्हणून. मी दोनदा पदरात खोकले. कोणी काही म्हटलं नाही. सात बायकांचे हात भरले आणि चहा पिऊन घरी आले.

चार दिवसांनी यजमानांना ताप भरला. यवतमाळच्या दवाखान्यात नेलं, आणि त्यानंतर त्यांना मी पुन्हा पाहिलं नाही. त्यांचा तेरावाही झाला नव्हता तेव्हा कळलं की मंदाही त्याच आठवड्यात गेली. नणंद सुखरूप सुटली. तिची मुलगी आता अंगणवाडीत जाते. बाकीच्या बायकाही बऱ्या झाल्या. मी स्वतः घसा आणि थोडी कणकण यावर सुटले. घरात ते होते आणि मी होते. ते बाहेर पडले नव्हते. मग तो रोग आत कोणी आणला? आणि मंदाकडे कोणी नेला? मला हिशेब करायला दुसरं कोणी लागत नव्हतं. मी दोन्ही घरांत तो खोकला वाटत गेले, एवढंच मला दिसत होतं.

नवरा गेलेल्या बाईच्या हातचा चुडा नको, असं काही घरांनी आडून सांगितलं. मी ऐकलं आणि माझ्या हातात दोन साध्या काचेच्या बांगड्या मीच भरल्या. अशा वेळी कोण आलं असेल तर मंदाची सासू. प्राचीला हाताला धरून माझ्या घरी आली आणि म्हणाली, "शोभे, कासारनीचा हात पाहाव, कपाळ कायले पाहाव? हिचा हात भर." मी प्राचीचा हात भरला. तिनं मान वर केली नाही, मीही केली नाही. मला वाटलं हिला कळलं आहे. तेव्हापासून ती पोर कधी माझ्या डोळ्यांत बघून बोलली नाही, आणि प्रत्येक वेळी मला वाटायचं, बरोबरच आहे तिचं.

हे सगळं बाजारात कोणाला सांगणार? लोकांना मी घाबरट वाटते, कोणाला शिष्ट वाटते. "एवढं काय वो मावशी, आता त कोनी मरून नाही राह्यलं," असं परवाच एक नवी सून म्हणाली. मी तिला साबण दिला आणि म्हटलं, हात धू. माझ्या मास्कमागे विज्ञान किती आणि प्रायश्चित्त किती, हे मलाही सांगता येणार नाही. पण तो मी काढणार नव्हते.

यंदाच्या लग्नसराईत प्राचीचं लग्न ठरलं. आजीनं दोन महिने आधी सांगून ठेवलं होतं, "माया सुनेचा चुडा तू भरला, नातीचा बी तूच भरशील." मी हिरव्या बांगड्यांचा एक तोडा, म्हणजे दोऱ्यात ओवलेला जुडगा, खास वेगळा काढून ठेवला. आमच्याकडे हळद लागायच्या आधी चुडा भरतात. एकदा हळद लागली की नवरी घराबाहेर पडत नाही. हळद संध्याकाळी होती, मला सकाळी जायचं होतं.

आणि त्या सकाळी उठले तर घसा खवखवतोय, खोकला येतोय. अंग जड, नाक भरलेलं. पेंढ्याची धूळ म्हणावी तर आठवडाभर पेटी उघडलेली नव्हती. साधी सर्दी असेल, असणारच. मी पदर तोंडावर घेऊन बराच वेळ पलंगावर बसून राहिले. जावंसं वाटत होतं, किती ते कसं सांगू. त्या घरानं मला पुन्हा माणसात आणलं होतं. पण त्या घरात म्हातारी होती, पाहुण्यांची लेकरं होती, आणि मी एकदा त्याच घरात तोच खोकला घेऊन गेले होते.

मी शमीमबीला बोलावलं आणि तोडा तिच्यासमोर दारातूनच सरकवला. "दोन-चार भर. अंगठ्याचं हाड कडक हाये तिचं, घाई करू नको."

"मेरे को हाथ मत सिखा," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तू नई गई तो बुढ्ढी भोत नाराज होएगी. सर्दी इच तो है."

"सर्दी हाये म्हनूनच."

ती गेली. तासाभरानं आजीचा फोन आला. शमीमबीला मांडवात खुर्ची दिली होती, चहा दिला होता, पण नवरीला तिच्यासमोर बसू दिलं नव्हतं. "शोभे, एवढ्याश्या सर्दीनं काय होते? गोळी खाय अन् ये. पोरगी आंघोळ करून बसली हाये."

"आजी, मी येत नाही. शमीमचा हात मायापेक्षा हलका हाये."

"मले हलका हात नाही पायजे, तुया हात पायजे." आजीचा आवाज चढला आणि लगेच बसला. "मंदा असती, अन् तिनं बोलावलं असतं, त तू नाही म्हनली असती काय?"

मी फोन ठेवला. मंदानं बोलावलं होतं आणि मी गेले होते, हेच तर होतं.

थोड्याच वेळात दारात स्कूटी थांबली. स्वतः प्राची. अंगावर घरातला ड्रेस, हातांवर मेंदी, मनगटं मोकळी, डोळे लाल. मी मास्क लावून दारात उभी राहिले आणि तिला अंगणातल्या ओट्यावर बसायला सांगितलं. ती बसली नाही.

"मावशी, तुमी काहून नाही येऊन राह्यल्या? आजी सकाळपासून जेवली नाही. लोकं बोलून राह्यले, बिनमायच्या पोरीच्या घरी नाही म्हनते का कोनी?"

मी ठरवलं होतं की काही सांगायचं नाही. पण तिचे मोकळे हात बघून मला राहवेना. मी सांगितलं. घसा, पेंढा, यजमानांचं "आज नको जाऊ", खाली केलेला मास्क, पदरातला खोकला. "तुया आईचा हात मी पयला धरला," म्हटलं, "अन् मी बिमार होतो. मले मालूम होतं मी बिमार हाये. म्हनून मी आज तुया घरी येत नाही. तुले राग आला तरी चालन."

प्राची ओट्यावर बसली. मेंदी लागलेले तळवे उलटेसुलटे करत राहिली. मी वाट बघत होते की ती उठेल आणि निघून जाईल. चार वर्षं मी या क्षणाला घाबरत होते आणि आता तो आल्यावर वाटलं, होऊन जाऊ दे.

"आईले त दोन दिवसापासून ताप होता," ती म्हणाली.

"कवा?" मी विचारलं.

"तुमी यायच्या आधीपासून. गोळी घेऊन उभी होती. मी म्हटलं, मावशीले सांगू का? त आई म्हने, सांगू नको. मावशी दारातूनच वापस जाईन, अन् आत्याची ओटी बिनबांगड्याची राहीन." तिचा आवाज फुटला. "मी चहा देल्ला तुमाले, अन् चूप राह्यली. मंग काका गेले. मावशी, मी तवापासून तुमच्याकडे पाहूच नाही शकली. मले वाटे, आमीच त्याइले मारलं."

आणि मग मला तो हात आठवला. मंदाचा हात गरम होता. मी तो दाबला होता, माप घेतलं होतं आणि मनात म्हटलं होतं, चुलीजवळून उठून आली असेल. हाताची पारख सांगत गावभर फिरणारी मी, ताप हातात धरून बसले होते आणि मला तो कळला नव्हता.

खोटं कशाला सांगू, आधी मला राग आला. मंदाचा. माझ्या माणसानं दोन महिने उंबरा ओलांडला नव्हता आणि तिनं एक शब्द सांगितला नाही. मग लक्षात आलं की मीही सांगितला नव्हता. तिनं ओटीसाठी ताप लपवला, मी ओटीसाठी खोकला लपवला, आणि दोघी एकमेकींचा हात धरून हसत बसलो होतो. कोणी कोणाला दिला, का दोघींनाही आणखी कुठून लागला, हे आता सांगायला कोणी उरलेलं नाही. आणि ही पोर, तेव्हा बारावीतली, तिनं हे ओझं एकटीनं वाहिलं. दोन घरच्या आम्ही दोघी अपराधी मनानं एकमेकींसमोर बसत होतो आणि दोघींनाही वाटत होतं की समोरची आपल्याला दोष देते.

आम्ही रडलो. ती ओट्यावर, मी दारात. मधलं अंगण मी ओलांडलं नाही. तिला जवळ घ्यावंसं वाटत होतं, हात नुसते शिवशिवत होते, पण नाही ओलांडलं. तीही आली नाही पुढे. ते तिला कळलं आणि त्याबद्दल मी तिची ऋणी आहे.

मग तिनं ओढणीनं नाक पुसलं आणि विचारलं, "मंग आता?"

"आता घरी जाय. शमीमबीसमोर बस. हात ताठ करू नको, ते बोलन काहीबाही, तिचं ऐक. मी बरी झाली का येतो तुया सासरी, तवा पुन्हा भरू."

"आजी नाही आयकत."

"मंग सांग काही तरी. मी गावाले गेली म्हन."

"नाही," प्राची म्हणाली. असं ताडकन म्हणाली की मीच दचकले. तिनं पर्समधून फोन काढला आणि आजीला लावला. पलीकडून आजीचं बोलणं इथवर ऐकू येत होतं. तिनं ते पूर्ण होऊ दिलं आणि मग आमच्या गल्लीतल्या चार घरांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं बोलली. "आजी, मावशीले खोकला हाये. हाव, खोकला. म्हनून ते येऊन नाही राह्यली. गोळी नाही खात, अन् लपवून बी नाही येत. मी शमीमबीच्या हातानं भरून घेतो. तू आधी जेव."

पलीकडून आजी हळू आवाजात काहीतरी म्हणाली. ते मला ऐकू आलं नाही. प्राचीनं मान वर केली आणि चार वर्षांत पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत सरळ बघितलं.

"नाही आजी, मावशीची काही चूक नाही," ती फोनमध्ये म्हणाली. फोन ठेवला आणि हळूच मला म्हणाली, "अन् आईची बी नाही."

मग तिनं स्कूटी वळवली आणि हात भरून घ्यायला निघून गेली.